लुगडे, लच्छा आणि काचेवरची बाई

दरवर्षी जानेवारी महिना आला की मोबाइलवर एक जुने समूहचित्र फिरू लागते. सावित्रीबाई फुले आणि त्यांच्या सहकारी फातिमा शेख यांचे म्हणून ते ओळखले जाते. त्या चित्राखाली दरवर्षी एकाच प्रकारचा वाद होतो. कोणीतरी लिहितो, "या सगळ्या जणी तर लुगड्यात आहेत. मग यातली एक मुसलमान कशी असेल?" कोणी तावातावाने उत्तर देतो, कोणी हसतो आणि वाद पुढच्या जानेवारीपर्यंत थांबतो.

त्या चित्रातील बाई नेमकी कोण, यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत. तो माझ्या या लेखाचा विषय नाही. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपल्या गैरहजेरीत सगळा भार तिच्यावर पडत असेल, अशी काळजी त्यात आहे. मला विचार करावासा वाटतो तो त्या प्रश्नातील गृहीतकाचा. लुगडे म्हणजे हिंदू, सलवार-ओढणी म्हणजे मुसलमान, हे आपण कधी ठरवले? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, जेव्हा आपल्याकडे कॅमेरा नुकताच आला होता, तेव्हा तरी असे होते का? आणि त्या काळच्या फोटोंतून बायकांचे कपडे-दागिने जसे दिसतात, तसेच ते खरोखर होते का?

काचेवर रंग कसे बदलतात

आधी कॅमेऱ्याबद्दल. १८५१ साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या कोलोडियनची पद्धत जाहीर केली आणि पुढची तीसेक वर्षे जगभर बहुतेक फोटो याच पद्धतीने निघाले. काचेवर कोलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, आणि वाळण्याआधी अंधाऱ्या खोलीत नेऊन धुवायची. सगळा खेळ काही मिनिटांचा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर काच हातातच सुकायला लागे. समोर बसलेल्या माणसाने कित्येक सेकंद हलायचे नाही. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी टेकू लावत. जुन्या फोटोंतली माणसे इतकी गंभीर का दिसतात, याचे अर्धे उत्तर त्या टेकूत आहे.

पण आपल्या विषयासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. या काचेला सगळे रंग सारखे दिसत नसत. तिला निळा आणि जांभळा उजेड पटकन कळे. लाल, पिवळा, हिरवा जवळजवळ कळतच नसे. त्यामुळे कागदावर छापल्यावर निळी वस्तू पांढुरकी दिसे आणि लाल-पिवळी वस्तू काळी. युरोपातले फोटोग्राफर गिऱ्हाइकाला आधीच सांगत, गडद रेशमी कपडे घालून या, पांढरे आणि फिके निळे नकोत. म्हणून त्या काळच्या गोऱ्या बायकांच्या फोटोंत काळे रेशीम, गळ्याशी पांढरी लेसची कॉलर, मधोमध ब्रोच आणि हातांत बोटे उघडी ठेवणारे जाळीचे हातमोजे वारंवार दिसतात. त्यात फॅशन होती, तशी काचेची सोयही होती.

आता हीच काच आपल्या बायकांसमोर ठेवून पाहा. नवरीचा लाल शालू काळा येणार. संक्रांतीची चंद्रकळा तर मुळातच काळी. आणि ब्राह्मण विधवेला नेसावे लागे ते तांबडे आलवण, तेही काळेच. सौभाग्य, सण आणि वैधव्य, समाजाने ज्यांत एवढा फरक केला, ते तिन्ही या काचेवर एकाच रंगाचे होतात. उलट निळीत रंगवलेले लुगडे पांढरे दिसते आणि आजचा पाहणारा सहज म्हणून जातो, ही बाई विधवा असावी.

दागिन्यांचेही तसेच. सोने पिवळे, म्हणून ते मंद आणि काळपट दिसते. मोती आणि चांदी मात्र उठून दिसतात. नथीतले मोती चमकतात आणि त्यांना धरून ठेवणारी सोन्याची तार गालाच्या रंगात मिसळून जाते. हिरवा चुडा काळा होतो. हळदीचे बोट काळा डाग होते. आपल्याकडे पुढे फोटोवर रंग चढवण्याचा धंदा एवढा वाढला त्यालाही हे एक कारण होते. सोन्याचे सोनेपण दाखवायचे तर ते चित्रकाराने ब्रशने परत आणायला हवे होते.

सर्वांत वाईट गत गोंदणाची झाली. आपल्या वर्धा जिल्ह्यात गोंड, कुणबी, माळी अशा किती तरी घरांतल्या म्हाताऱ्यांच्या कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर हिरवट-निळे गोंदण आपण लहानपणी पाहिले आहे. मेल्यावर सोबत येतो तो एवढाच दागिना, असे त्या म्हणत. ओल्या काचेवर हा निळसर रंग उजळून कातडीच्या रंगात मिसळे आणि गोंदण पुसट होई किंवा नाहीसेच होई. न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या बाबतीत हे चांगलेच नोंदले गेले आहे. त्या काळच्या फोटोंत त्यांच्या चेहऱ्यावरचे पिढीजात गोंदण दिसेनासे झाले, आणि काही फोटोग्राफरांनी ते नंतर हाताने काढून भरले. जो दागिना चोर नेऊ शकत नाही, सावकार गहाण ठेवून घेऊ शकत नाही, तो कॅमेऱ्याने नेला.

कातडीच्या रंगाबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. सावळ्या कातडीत तांबूस-पिवळी छटा असते, म्हणून ही काच सावळ्या माणसाला आहे त्याहून काळे दाखवी. आपल्या पणज्या फोटोत दिसतात तेवढ्या काळ्या आणि तेवढ्या उदास नव्हत्या.

कॅमेऱ्यासमोर कोण बसले

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली, कलकत्ता आणि मद्रासच्या आधी. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी दोघेही तिच्याशी संबंधित होते. नारायण दाजी स्वतः उत्तम फोटोग्राफर होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला आणि त्यात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामणी यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ काढला. म्हणजे कॅमेरा फक्त साहेबाच्या हातात होता असे नाही. आपली माणसेही पहिल्यापासून त्यात होती.

पण ज्या फोटोंवर पुढे सगळ्या जगाने विश्वास ठेवला, ते बहुतांशी साहेबांनी जमवलेले होते. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ पासून मुंबईतून दर महिन्याला छायाचित्रांचा एक संग्रह काढला. पुढे जॉन्सनने मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जातीजमातींवर दोन खंड प्रसिद्ध केले. १८६३ साली पहिला, त्यात गुजरात, कच्छ, काठेवाड. १८६६ साली दुसरा, तो महाराष्ट्राचा. या चित्रांत एक गंमत आहे. माणसांचे फोटो एकीकडे काढलेले आणि मागचे देऊळ, घाट, वाडा यांचे दुसरीकडे. दोन्ही जोडून एक चित्र केलेले. त्यामुळे लुगड्याच्या निऱ्या खऱ्या, नथ खरी, पण ती बाई ज्या देवळापुढे उभी दिसते तिथे ती त्या वेळी उभी नव्हती.

या संग्रहांतल्या चित्रांखाली बहुतेक ठिकाणी बाईचे नाव नसते. जात असते, धर्म असतो, धंदा असतो. एक बाई म्हणजे तिच्या सगळ्या समाजाचा नमुना. तिने त्या दिवशी काय घातले होते, तेच त्या जातीचे कायमचे कपडे ठरले. लग्नाला जायचे म्हणून घातले होते, कोणाकडून मागून आणले होते, की फोटोग्राफरने घालायला लावले होते, हे कोणी लिहून ठेवले नाही.

पडद्यातल्या बायका तर कॅमेऱ्यासमोर आल्याच नाहीत. मुसलमान बायकांचे जे सुरुवातीचे फोटो प्रसिद्ध झाले, त्यांत मोठा वाटा गाणाऱ्या-नाचणाऱ्या कलावंतिणींचा होता. लखनौच्या दारोगा अब्बास अली यांनी १८७४ साली तिथल्या गायिका-नर्तकींची २४ छायाचित्रे असलेले एक पुस्तक काढले. भरजरी पेशवाज, पायघोळ पायजमे, कपाळावर एका बाजूला झुमर, नाकात नथ. चित्रे सुंदर आहेत. पण मुसलमान बाई म्हणजे हाच पोशाख, अशी समजूत या प्रकारच्या चित्रांनी घट्ट केली. पिंजाऱ्याची बायको, बागवानाची आई, मणियाराची सून यांचे फोटो काढायला कोण जाणार होते? घरंदाज बायकांसाठी वेगळी सोय बऱ्याच उशिरा झाली. लाला दीनदयाळ यांनी हैदराबादला १८९२ मध्ये खास जनाना स्टुडिओ काढला. तिथे फोटो काढणारीही बाईच होती.

दख्खनी मुसलमान बाई काय नेसत होती

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. फोटो नाहीत, पण लिखाण आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा पुणे जिल्ह्याचा खंड १८८५ साली निघाला. त्यात मुसलमानांमधल्या वेगवेगळ्या व्यावसायिक गटांचे वर्णन आहे. त्यांतल्या इथल्याच मातीतल्या अनेक गटांच्या बायका हिंदू बायकांसारखे लुगडे-चोळी नेसतात, अशी नोंद त्यात केली आहे. बागवानांच्या बायका तर बाजारात उघडपणे बसत. सय्यद, पठाण, मोगल घराण्यांतल्या बायकांचा पोशाख वेगळा होता, पण ते सगळे मुसलमान नव्हते. कपडे धर्मावरून कमी आणि गाव, धंदा, ऐपत यांवरून जास्त ठरत होते.

आणि ते लुगडे विणत कोण होते? कोष्टी, साळी तर होतेच. त्यांच्याबरोबर मोमीन विणकर होते. उत्तरेकडून आलेल्या या लोकांनी मालेगाव, भिवंडी आणि आपल्या जवळच्या कामठीत माग टाकले. मालेगावचे लुगडे घाटावरच्या शेतकरणीच्या अंगावर असे. कापूस पिंजणारा पिंजारी मुसलमान, कापड रंगवणाऱ्यांत रंगरेज मुसलमान, हातात बांगड्या भरणारा मणियार मुसलमान. हिरवा चुडा भरून घेताना सवाष्ण बाई ज्याच्यापुढे हात करी, तो दाढीवाला मणियार चाचा असे आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. त्या काळच्या मराठी बाईच्या फोटोतून मुसलमान हात वजा करायचे म्हटले, तर तिच्या अंगावर फारसे काही उरणार नाही.

फरक होताच. तो लहान खुणांमध्ये होता. कपाळावर कुंकू नसे. मंगळसूत्राऐवजी गळ्यात काळ्या पोतीचा लच्छा असे. नऊवारीचा कासोटा घालायचा की गोल नेसायचे, यात गावागणिक फरक पडे. कानात वरपासून खालपर्यंत बाळ्या असत. पण नथ दोघींच्या नाकात होती, जोडवी दोघींच्या पायांत होती, चांदीचे वाळे दोघींच्या लेकरांच्या पायांत होते.

माझी दादी सेलूकडची. ती आयुष्यभर लुगडे नेसली. डोक्यावर पदर, गळ्यात लच्छा, हातांत काचेच्या बांगड्या. घरात तिच्याशी आम्ही दख्खनी उर्दू बोलायचो आणि शेतावरच्या बायकांशी ती वऱ्हाडी बोलायची. तिचा आयुष्यात एकच फोटो निघाला, हजच्या पासपोर्टसाठी. तसबीर काढणे बरे नाही असे ती मानायची, पण हजसाठी तिने ते मान्य केले. त्या फोटोसाठी तिने पांढरी ओढणी चेहऱ्याभोवती घट्ट गुंडाळली होती. फोटो छातीपर्यंतच आहे. लुगडे त्यात आलेच नाही. उद्या तिच्या पणतवंडांनी तो फोटो पाहिला तर त्यांना वाटेल, आमची बडी अम्मा हीच ओढणी घेऊन जन्मभर वावरली. फोटो खरा आहे आणि तरीही तिच्याबद्दल तो जवळजवळ काहीच सांगत नाही.

साहेबाला हे कपडे का पाहायचे होते

या काळातल्या फोटोंमागे निव्वळ कुतूहल होते, असे समजू नये. जॉन फोर्ब्स वॉटसन नावाचा एक अधिकारी लंडनच्या इंडिया म्युझियममध्ये भारतातल्या मालाची नोंद ठेवण्याच्या कामावर होता. १८६६ साली त्याने भारतीय कापडाच्या नमुन्यांचे १८ खंड तयार केले. त्यांत कापडाचे ७०० तुकडे कापून चिकटवलेले होते. लुगडी, चोळखण, धोतरे, पागोटी, सगळे. अशा २० प्रती केल्या. १३ ब्रिटनमध्ये वाटल्या, ७ भारतात ठेवल्या. हेतू उघड होता. इथल्या बाईला कोणता काठ, किती लांबी, कोणता रंग लागतो हे मँचेस्टरच्या गिरणीवाल्याला कळावे, म्हणजे तो तसाच माल काढील.

याच फोर्ब्स वॉटसनने जॉन विल्यम के याच्यासोबत १८६८ ते १८७५ या काळात भारतातल्या लोकांच्या छायाचित्रांचे ८ खंड संपादित केले. त्यांत साडेचारशेहून अधिक फोटो आहेत. एका हातात कापडाचा तुकडा आणि दुसऱ्या हातात ते नेसलेल्या बाईचा फोटो, असा तो हिशेब होता.

हा हिशेब आपल्या जिल्ह्याला थेट लागू पडला. वर्धा जिल्हा १८६२ साली नागपुरातून वेगळा झाला. त्याच वेळी अमेरिकेत यादवी चालू होती, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना आणि हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचे मोल आले. १८६७ साली रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे कॉटन कमिशनर रिवेट-कार्नॅक यांच्यासारख्या अधिकाऱ्यांची आशा अशी होती की, रेल्वेने विलायती कापड स्वस्त येईल, गावचा विणकर माग सोडील आणि कापूस पिकवायला लागेल. हिंगणघाटचा कापूस आगगाडीने जाणार आणि त्याचेच लुगडे होऊन आगगाडीने परत येणार. ज्या काठांची नक्कल करायची ते काठ आधीच कापून नेलेले होते.

दागिन्यांची गोष्टही याच पट्ट्यातली आहे. १८५४ साली डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. म्हाताऱ्या बाकाबाई राणीसाहेबांचा विरोध चालला नाही. राजवाड्यातले हत्ती-घोडे लिलावात गेले आणि जडजवाहीर विकायला कलकत्त्याला पाठवले गेले. या लिलावाचे वर्णन ज्याने १८५७ च्या उठावाच्या इतिहासात लिहिले, तो लेखक म्हणजे हाच जॉन विल्यम के. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ते वर्षही १८५४ च. नागपूरच्या राण्यांचे दागिने त्यांच्या अंगावर असताना कॅमेऱ्यात येण्याआधीच मोडीत निघाले होते.

स्वतःच्या कपड्यांत

यानंतर तीस वर्षांनी काढलेला एक फोटो मी वर्गात नेहमी दाखवते. तो १० ऑक्टोबर १८८५ चा आहे, फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातला. तीन विद्यार्थिनी शेजारी शेजारी आहेत. आपल्या आनंदीबाई जोशी साडीत, जपानच्या केई ओकामी किमोनोत आणि दमास्कसच्या साबात इस्लामबूली आपल्या देशाच्या पोशाखात, डोक्यावर दागिने घालून. हा फोटोही वेगवेगळ्या देशांचे नमुने म्हणून पाहता येतो आणि तेव्हा कित्येकांनी तसा पाहिलाही असेल. पण त्याखाली तिघींची नावे आहेत, गावे आहेत. त्या तिघी डॉक्टर व्हायला गेल्या होत्या आणि आपले कपडे न सोडता गेल्या होत्या. आनंदीबाईंनी परदेशात साडी सोडली नाही, मात्र थंडी आणि पाय झाकण्याची गरज पाहून ती गुजराती पद्धतीने नेसायला सुरुवात केली. मराठी बाईने गुजराती पद्धतीने साडी नेसली म्हणून ती मराठी राहिली नाही, असे कोणी म्हणत नाही. मग लुगडे नेसलेल्या मुसलमान बाईलाच तिच्या मुसलमान असण्याचा पुरावा का मागायचा?

मुलांना मी एक काम देते. घरातला सर्वांत जुना फोटो शोधा आणि त्यात जे दिसत नाही ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहा. बाईचे पूर्ण नाव. लुगड्याचा खरा रंग. ते कुठून घेतले. गळ्यातले तिचे स्वतःचे की जावेचे. हातावर गोंदण होते का आणि कशाचे. फोटो कोणत्या निमित्ताने काढला. उर्दूतून लिहा, मराठीतून लिहा, वऱ्हाडीतून लिहा. गेल्या वर्षी एका मुलीने फक्त एक ओळ लिहून आणली होती: नानीचे लुगडे काळे नव्हते, लाल होते. मी तिला पूर्ण गुण दिले.